न बसवलेली तांबी

रोज पहाटे, नवरा आदेश टेम्पोत भाजीची पोती चढवायच्या आधी, गुंजन अनवाणी पायांनी काट्यावर उभी राहायची. परसातला तो लोखंडी काटा वांग्या-कोबीच्या पोत्यांसाठी होता. ती श्वास रोखून धरायची, आकडा थरथरून थांबायचा, आणि ती खाली उतरून पायांचे ओले ठसे पदराने पुसून टाकायची.

"बाजारात नेऊ का तुले?" आदेश विचारायचा.

"पहिले भाव सांगा," ती म्हणायची.

हसण्यावारी नेणं तिला लहानपणापासूनच साधलं होतं. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मुकादमाची ही लेक. शाळेत असतानाच तिला कळलं होतं, की लोक हसायच्या आत आपणच हसून घेतलं तर कमी लागतं. लग्नात खुर्ची करकरली तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच म्हणाली होती, "दोन लावा, एकीनं नाई भागत." कारंज्याच्या बाजारात ती भाजी विकायला बसली की गिऱ्हाईक हलायचं नाही. आवाज खणखणीत, हात सढळ. तिच्या मुठीतली सांभाराची, कोथिंबिरीची जुडी इतरांपेक्षा जाडच असायची.

फक्त मूल नव्हतं. आठ वर्षं झाली होती. पाळी चार-चार महिने यायची नाही. दवाखाने झाले, नवस झाले. शेवटी एका डॉक्टरनं सांगितलं, आधी वजन उतरवा, मग पाहू. उपाशी राहून पाहिलं, चालून पाहिलं, वजन हटलं नाही. तेव्हा नागपूरला जाऊन दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालं. जठर मुठीएवढं ठेवलं आणि आतड्याची वाट बदलली.

सुट्टी व्हायच्या दिवशी तिथल्या डॉक्टर नयन मॅडमनी दोघांना समोर बसवलं. वयानं लहान बाई, पण बोलणं ठाम. वजन उतरलं की पाळी ठिकाणावर येईल, म्हणाल्या, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या आधीच दिवस राहू शकतील. पण दीड वर्ष ते होऊ द्यायचं नाही.

"आता तुमचं तुम्हालाच पुरणार नाही. बाळाला कुठून देणार?"

"गोळ्या घेईन मी," गुंजन म्हणाली.

"गोळी अंगी लागेल याचा भरवसा नाही. उलटी झाली की तीही गेली. इंजेक्शन आहे, पण त्यानं हाडांवर परिणाम होतो आणि वजन वाढू शकतं. तुमच्यासाठी गर्भाशयात बसवायची तांबी बरी. दीड वर्षानं काढून टाकू, लगेच मोकळ्या."

आदेशला हसू आलं. "आठ वर्षं लेकरू होऊन नाई राह्यलं मॅडम, अन् आता होऊ नये म्हनून तांबी?"

मॅडम हसल्या नाहीत. गुंजन फरशीकडे पाहत होती. गावाकडेच बसवून घेतो, असं सांगून दोघं निघाले.

घरी सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, ऑपरेशनचा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. सुनेचं पोट कापून आतडं वळवलं म्हटलं तर लोक काय म्हणतील? वजन उतरायला लागलं तसं त्या गल्लीत सांगू लागल्या, चालून-चालून उतरलं पोरीचं. तांबीचं नाव निघालं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ज्या झाडाले फळ नाई, त्याले कुंपन कायले पाहिजे?"

तरीही आषाढात गुंजन एकटीच दवाखान्यात गेली. तांबीसाठीच्या बायकांच्या रांगेत उभी राहिली. पुढे गल्लीतल्या कमलाबाई उभ्या होत्या, सुनेला घेऊन आलेल्या. सुनेच्या कडेवर एक, हाताशी एक.

"तू काऊन आली वं बाई?"

"रक्त तपासाले," गुंजन म्हणाली.

"मंग तिकडं बस न माय. हे लेकुरवाळ्यायची लाईन हाये." कमलाबाईंनी मायेनंच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि समोरच्या बाकाकडे वळवलं.

गुंजन बाकावर बसली. रक्त देऊन आली. येताना मेडिकलमधून गर्भ न राहण्याच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं.

आदेशला तिनं हे विहिरीवर मोटर सुरू करताना सांगितलं. सांगताना कमलाबाईंची नक्कल केली, हसली. त्यालाही हलकं वाटलं. "गोळीनं भागते त कायले पाहिजे मंग ते?" तो म्हणाला. नयन मॅडम गोळीबद्दल काय म्हणाल्या होत्या ते त्याला आठवत होतं. पाणी पाटाला लागलं आणि तो वाफ्यांना बारे द्यायला निघून गेला.

भादव्यात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात. घरच्याच वावरातल्या सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि ओलेत्यानं करायचा स्वयंपाक. प्रमिलाबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे सगळं सुनेवर. आणि यंदा, कित्येक वर्षांनी, गुंजनची पाळी महिन्याच्या महिन्याला येत होती. नेमकी त्याच दिवसांत यायची होती.

"गोळी घे लांबवाची," प्रमिलाबाई म्हणाल्या. गावातल्या सगळ्याच सुना सणावाराला घेतात. मेडिकलवाला न विचारता देतो.

आता दोन-दोन गोळ्या एका वेळी कशा घ्यायच्या? इवलंसं पोट, आधीच काही ठरत नव्हतं त्यात. तिनं आदेशला विचारलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "पाळीच थांबवली, त दिवस कसे राह्यतीन?" तिलाही ते पटलं. गर्भ न राहण्याच्या गोळ्यांचं पाकीट तिनं कपाटात ठेवून दिलं.

त्या साली महालक्ष्म्यांचा स्वयंपाक तिनं एकटीनं उरकला. नेसूची साडी दोन वेढे जास्त घेत होती. बायका वळून-वळून पाहत होत्या. गणपती गेले तरी पाळी आली नाही. गोळीनं लांबली असंल, म्हणाली. दसऱ्याला उलट्या झाल्या. घाईनं जेवली असेन, म्हणाली. दिवाळीत आदेशनंच तपासायची पट्टी आणून दिली. दोन रेघा पाहून ती न्हाणीच्या दाराशीच थांबली. मग त्याच्याकडे बघून तोंडावर हात घेतला. ती हसते की रडते हे त्याला कळलं नाही.

प्रमिलाबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

नागपूरला नयन मॅडमनी कागद चाळले. "ठेवायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"ठेवाचं हाये," गुंजन म्हणाली. तिनं आदेशकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग एक लक्षात ठेवा. पोटात दुखलं तर घरी थांबायचं नाही. जो डॉक्टर हात लावील त्याला पहिलं वाक्य सांगायचं, पोटाचं बायपास झालं आहे. आतडं पीळ खाऊ शकतं." हे त्या आदेशकडे पाहून म्हणाल्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुखायला लागलं. पाचवा महिना सरत आलेला. घरात हळदीकुंकवाच्या बायका होत्या, कमलाबाई होत्या. गावातल्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं पोट दाबलं, नाडी पाहिली.

"आधी काही ऑपरेशन झालं आहे का?"

"नाई," प्रमिलाबाई लगेच म्हणाल्या. "काई नाई."

आदेश दारात उभा होता. कमलाबाईंच्या हातात तिळगुळाची वाटी होती. गुंजननं आदेशकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. एकच वाक्य होतं. डॉक्टर इंजेक्शन भरत होता, तेवढ्या वेळात ते दहादा म्हणून झालं असतं.

गॅस आहे, उतरेल, असं सांगून डॉक्टर गेला. संध्याकाळी खरंच थोडं उतरलं. पहाटे ती भिंतीला धरून वाकली ती सरळ झालीच नाही. आदेशनं भाड्याची गाडी आणली आणि नागपूर गाठलं.

पोट उघडलं तेव्हा आतड्याचा बराच भाग काळा पडला होता. पोर आधीच गेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गुंजन गेली. घरी आणलं तेव्हा गल्लीतल्या बायकांना पोटावरची पट्टी दिसली. बाळंतपणाचं दुखणं, असं प्रमिलाबाईंनी सांगितलं. आदेश यावेळीही काही बोलला नाही. तेराव्यानंतर एकदा कमलाबाईंनी विचारलं, पोरगी शेवटी काय म्हनाली? बाया असं विचारतात. काहीतरी ठेवून गेली असेल, माफ केलं म्हणाली असेल, देवाचं नाव घेतलं असेल, असं त्यांना वाटतं. काही नाही, अशी आदेशनं मान हलवली.

दवाखान्यात ती बोललीच नव्हती, नुसती कण्हत होती. बोलली होती ती त्या पहाटे, गाडीत, घरच्या वावराच्या कडेनं जाताना. उजाडत होतं. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, पण ती हातावर जोर देऊन उठली आणि काचेतून कोथिंबिरीच्या वाफ्यांकडे पाहू लागली. वाफ्यांवर पांढरी फुलं तुरळक उठली होती.

"सांभार फुलावर येऊन राह्यला," ती म्हणाली. "कोनाले तरी सांगून आजच उपटून घेजा. उद्या बाजारात कोनी हात लावनार नाई त्याले."