पिशवीतली माती आणि शेतातली माती

द्राक्षाच्या मुळांना चमचमीत खाणं लागत नाही, श्वास लागतो. हे मी शेतकीच्या पदवीला शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे सांगताना आवाज जरा चढतो. खतावलेल्या मातीत वेल पानांनी माजतो आणि मणी पाणचट होतो. पाणी झरून जाणाऱ्या हलक्या मातीत मणी लहान राहतो, रस घट्ट होतो, वाईनला चव येते. तुंबणाऱ्या मातीत तर मुळंच कुजतात.

गोव्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाऊसवाल्याला डिचोलीत द्राक्षमळा हवा होता. त्याने माझ्या मामाचं शेत पसंत केलं. मामाचं तेवढं एकच शेत. मामाने पिशवीतून माती पाठवली, ती मी साखळी गावातल्या आमच्या प्रयोगशाळेत तपासली. काळी, भुसभुशीत, द्राक्षाला जरा जास्तच सकस, पण पाणी छान सोडणारी. 'वेल लावता येतील' असा अहवाल मी लिहून दिला. शेत न बघता. त्याची मला अजून शिसारी येते.

नंतर शेतावर गेले. वीतभर खणलं तर तांबडा रेंदा. लोखंडाच्या खाणींवरून पावसात वाहून आलेला, वर्षानुवर्षं साचलेला गाळ. बोटांना ग्रीससारखा चिकटला, वर कुजका, आंबूस वास. खड्ड्यात कळशीभर पाणी ओतलं. मामाकडे जेवून त्याच्याबरोबर परत आले, तरी ते तसंच.

"मामा, पिशवीतली माती खंयची?"

"गोठ्यामागची गो. पावण्याक कोण घरातली घाण दाखयता?"

"पण वेल इथे लावायचेत ना?"

मामा रस्त्याकडे बघायला लागला.

तेवढ्यात गेस्टहाऊसवाला आला. मी त्याला खड्डा दाखवला. तो बूट सांभाळत लांबच उभा राहिला.

"मॅडम, पहिला रिपोर्टच ठेवा. दोन वर्षं हिरवं दिसलं की झालं. पाहुण्यांना वेलीखाली बसून ग्लास फिरवायचा असतो. वाईन आम्ही बाहेरून आणतो, बाटलीवर लिहू, डिचोलीच्या लोहमातीची चव."



"आणि मागीर शेताचां काय?" मामाने विचारलं.

"बघू ना काका मग."

मी त्याच्याकडून अहवाल मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, 'नमुना या शेतातला नाही' असं लिहून सही केली. तो गाडीत बसून निघून गेला. जाताना मामाकडे बघितलंही नाही.

"ह्याच्यासाठी शिकलंस गो तू?" मामा म्हणाला. "भात होयना. आता द्राक्षांय नाय."

"आधी गाळ काढायला हवा, मामा."

"कोण काढतलो?"

मामा खड्ड्यातल्या तांबड्या पाण्यात थुंकला आणि कळशी उचलून घराकडे चालू लागला.