पाण्याखालच्या मारुतीचा पत्ता

आमचं गाव धरणात गेलं ते माझ्या जन्माआधी. घर सातपूरला आलं, पण रीत सुटली नाही. घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली अक्षत गावच्या मारुतीला. देऊळ पाण्याखाली, म्हणून काठावरच्या वडाखाली, आजीने दाखवलेल्या जागी उभं राहून अक्षत पाण्यात सोडायची. आईबाबांच्या लग्नाची तशीच गेली, माझ्याही.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. अक्षत नीट पोचावी, याचा आईला घोर. त्याच सुमारास शाळेतल्या भूगोलाच्या कपाटात मला धरणाआधीचा स्थलदर्शक नकाशा सापडला. उंचीच्या त्या तपकिरी रेषा मुलांना समजावून मी आजवर घसा कोरडा केलाय, पण या नकाशाने मलाच गप्प केलं. एका इंचात अख्खा मैल, आणि त्यात आमराई, विहीर, गाडीवाट, देऊळ, सगळं! ज्याने कुणी हे उन्हातान्हात पायी हिंडून काढलं, त्याच्या पाया पडावंसं वाटलं. फोनमध्ये तिथे नुसतं निळं पाणी दिसतं.

दोन टेकड्या अजून पाण्याबाहेर आहेत, वडाखालून दोन्ही दिसतात. नकाशावर त्यांच्यावरून पट्टी लावून वडाची जागा काढली आणि चक्रावलोच. वडासमोर आमचं गाव नव्हतंच, शेजारचं होतं. तिथे देऊळ खंडोबाचं. आमचा मारुती काठाच्या वळणापलीकडे. म्हणजे आमच्या घरची सगळी आमंत्रणं खंडोबाने घेतली होती!

आईला सांगायचं कसं? शेवटी नकाशा तिच्यापुढे पसरला आणि एकदाचं सांगून टाकलं. ती नकाशावर बोट फिरवत राहिली.

"ही आमराई? अन् ही विहीर? सासूबाई सांगायच्या तश्शीच हाय रे!" तिचे डोळे भरून आले. माझेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वळणापाशी गेलो. आईने मारुतीला अक्षत सोडली, हात जोडले. मला हायसं वाटलं. परतताना वड दिसला तशी ती म्हणाली, "गाडी थांबव."

"आई, इथे मारुती नाही. काल दाखवलं ना?"

"ठाऊक हाय मला," पिशवीतून अक्षतांची दुसरी पुडी काढत ती म्हणाली. "माझ्या लग्नाला हाच आला होता ना? संसार काय वाईट झाला माझा? आता नातीच्या लग्नाला याला नाय बोलवायचं?"