पुसण्याआधीचा प्रश्न

घणसोली गावात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे मी बरीच वर्षं जाते. दुकान म्हणजे त्याच्याच घराचा तळमजला. बोलता बोलता तो स्क्रू आकाराप्रमाणे बाटलीच्या झाकणांत लावत असतो. डिस्क पुसायची, म्हणजे तिच्यातलं सगळं काढून टाकायचं असलं की प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं आधी काढून ठेवलेल्या कॉपीतला एक फोटो उघडायला लावतो आणि विचारतो, “ह्यो कोन?” मला ती नसती चौकशी वाटायची.

परवा आमचा छोटा लॅपटॉप नेला. मला विंडोज हवं होतं, लेकीला कॉलेजसाठी दोन तऱ्हेचं लिनक्स. तिन्ही बसवायला आधी डिस्क पुसणं आलं.

“कॉपी पेनड्राइव्हवर आहे. माझ्या कामांच्या यादीत टिक केलीय,” मी म्हटलं.

“टिक ऱ्हाऊ द्या ताई, फोटो उघडा.”

“माझे फोटो बघून तुम्हाला काय करायचंय?”

“मना काय करायचंय? पन फोटो गेले की गिऱ्हाईक हितंच बसून रडतं, मंग चाय मनाच पाजावी लागते.”

मी त्याच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावला. एकही फोटो उघडेना. फोटोंऐवजी मी नुसते शॉर्टकट, म्हणजे फोटोंकडे नेणाऱ्या खुणा उचलल्या होत्या. बाबा आता नाहीत, आणि त्यांचे सगळे फोटो फक्त त्या लॅपटॉपमध्ये होते.

तो हसला नाही. त्यानं स्वतः सगळे फोटो उतरवले आणि पेनड्राइव्ह पुन्हा माझ्यापुढे ठेवला. आता फोटो उघडला: लुंगी नेसून बसलेले बाबा, मांडीवर फणस.

“ह्ये कोन?”

“माझे बाबा.”

“फनस मोठा हाय,” तो म्हणाला आणि मग त्यानं डिस्क पुसायला घेतली.