कुलपातलं खोबरेल

आमचा मिस्त्री कुठल्याही गाडीचं दार दोनदा लावायचा. एकदा नेहमीसारखं, आणि लगेच उघडून पुन्हा एकदा, मान कलती करून, आवाज ऐकत. लग्नाला आला तरी मांडवात शिरण्याआधी बाहेरच्या ओळखीच्या दोन-तीन गाड्यांची दारं त्याची लावून झालेली असायची. मग मालकाला गाठून तो सांगायचा, की डावं मागचं दार रुसलंय, महिन्याभरात उघडायचं नाही. आणि ते उघडायचं नाही. मग मालक गाडी घेऊन भिगवणला, हायवेच्या कडेला असलेल्या त्याच्या पत्र्याच्या गॅरेजात जायचा आणि त्याचे गुण गात परत यायचा. हे गुण मी बावीस वर्षं ऐकत आलो आहे, कारण मिस्त्री माझा साडू. थोरली बहीण माझी बायको, धाकटी त्याची.

साडूसाडूंत थोडी जळजळ असतेच म्हणतात. माझी थोडी नव्हती. मी बारामतीत शाळामास्तर, आणि सासुरवाडी कन्हेरीला, म्हणजे घरापासून दुचाकीवर पंधरा मिनिटं. मी गेलो की आबा, माझे सासरे, उठून उभे राहायचे. ‘या सर, बसा,’ म्हणत खुर्ची पुढं करायचे, तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरला जायचा, पंखा माझ्याकडे वळायचा. तिकडून भिगवणहून मिस्त्री आला, की आबा बसल्या जागेवरून ओरडायचे, ‘आलास व्हय? आधी ती मोटर बघ, पाणी ओढंना झालीया.’ तो तोंडही न धुता विहिरीकडे. मोटर झाली की दळण, दळण झालं की मेथीच्या जुड्या गाडीत भरायच्या. मी टॉवेलवर बसून बघायचो. चहा पिऊन झाला की दुसरा चहा यायचा.

जावयाला काम सांगू नये, हे मला कळतं. पण जावई तोही होताच की. मला राग यायचा तो ह्याचाच, की एकाच घरातले दोन जावई, आणि पाहुणा मी एकटा. एका धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघांना एकदम जेवायला बोलावलं होतं. रांगोळी काढून दोन पाट मांडलेले, समोर अनारशांची ताटं. मी पाटावर बसलो आणि शेजारचा पाट रिकामा. मिस्त्री अंगणात, आबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर. सासूबाईंनी दोन हाका मारल्या, तर तो आतूनच म्हणाला, ‘आई, पाट कुठं पळून जात न्हाय. हे दार मात्र आज सोडलं तर कायमचं बसंल.’ त्याचे हात काळे म्हणून सासूबाईंनी अंगणात जाऊन अनारसा त्याच्या तोंडात घातला. मी त्यांना आजवर आई म्हणू शकलेलो नाही, आणि माझ्या तोंडात त्यांनी कधी काही घातलेलं नाही. त्या दिवशी माझ्या ताटातले अनारसे मला कडू लागले.

शाळेतही त्यानं मला सुखानं जगू दिलं नाही. एका हिवाळ्यात आम्ही सगळे शिक्षक भिगवणला पक्षी बघायला गेलो. मासे खाऊन बाहेर येतो तर आमच्या एका सरांच्या गाडीची चावी आत आणि गाडी बंद. माझा नाइलाज झाला, साडूला फोन केला. तो आला. त्यानं आधी त्या सरांना डॅशबोर्डच्या कप्प्यात काय काय आहे ते सांगायला लावलं. ‘मालक आसला तर सांगंल,’ म्हणाला. मग आम्हा सगळ्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं, मुख्याध्यापकांनासुद्धा. आम्ही ओळीनं धरणाच्या पाण्याकडे बघत उभे राहिलो, आणि शंभर अंक मोजून व्हायच्या आत मागं दार उघडल्याचा आवाज आला. काच शाबूत. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत माझी ओळख ‘मिस्त्रींचे साडू’ अशी झाली. बावीस वर्षांच्या नोकरीत मी दोन आदर्श पाठ दिले आहेत, ते कुणाला आठवत नाहीत.

आता खोबरेलाचं सांगतो. एका वर्षी दिवाळीला मी कन्हेरीला होतो. जेवणं होऊन सगळे लवंडले होते. आबांच्या गाडीचं मागचं दार जड झालं होतं, हे मी सकाळीच ऐकलं होतं. मिस्त्री यायला अजून दोन दिवस होते. ओसरीत अभ्यंगाची खोबरेलाची बाटली पडली होती. ती घेऊन मी गुपचूप अंगणात गेलो आणि दाराच्या कडेला जो खटका असतो, ज्यानं दार चौकटीत अडकतं, त्यात अर्धी बाटली रिकामी केली. चार वेळा दार लावलं, उघडलं. लोण्यासारखं चालायला लागलं. मी हात पुसून खुर्चीवर येऊन बसलो आणि कुणाच्या लक्षात येतं ते बघू लागलो.

संध्याकाळी आबांनी दार लावलं आणि थांबले. पुन्हा लावलं. मी खुर्चीत पुढं सरकलो. आबा सासूबाईंना म्हणाले, ‘दार हलकं झालंय गं. मिस्त्रीनं मागल्या खेपंला केलं आसंल, बोलला न्हाय.’ मी सांगणारच होतो, पण तोंडात आलेलं मी मुद्दाम गिळलं. इतकं चांगलं काम झालं तर ते मिस्त्रीचंच असणार, असं त्या घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

पौषात थंडी पडली आणि ते दार वेड्यासारखं वागू लागलं. पहाटे लावलं तर लागल्यासारखं वाटायचं, पण अडकायचं नाही. दुपारी उन्हात ठणठणीत. मिस्त्रीला त्या दिवसांत गॅरेजातून निघता येत नव्हतं, म्हणून आबांनी दोनदा बारामतीत गाडी दाखवली, दोन्ही वेळा दुपारी, आणि दोन्ही वेळा काही झालेलं नाही म्हणून लोकांनी परत पाठवलं. मग एका पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन दोघं बाजाराला निघाले होते. सासूबाई मागं, जुड्यांना धरून बसलेल्या. कालव्याच्या वळणावर दार सताड उघडलं. जुड्या रस्त्यावर गेल्या. सासूबाईंच्या हाताला पुढची सीट लागली म्हणून त्या आत राहिल्या. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं.

आम्ही त्याच दिवशी भेटायला गेलो आणि मुक्कामाला राहिलो. मिस्त्रीही संध्याकाळी आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दाराला हातच लावला नाही. ‘ज्या टायमाला दुखतं त्या टायमाला बघायचं,’ म्हणाला, आणि जेवून झोपला. उजाडता उजाडता तो गाडीशी बसला. दाराचं आतलं अस्तर काढलं, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खटका दाबला. खटका दबला तो तसाच राहिला, मग हळूहळू, आळसावल्यासारखा वर आला. मिस्त्रीनं आत बोट घातलं. बोटावर पांढरं, मेणासारखं काहीतरी आलं. त्यानं त्याचा वास घेतला. मी शाल पांघरून खुर्चीवर, हातात चहाचा कप. त्यानं मान वर करून आधी त्या ओसरीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे.

‘काय निघालं?’ आबांनी विचारलं.

‘खोबरेल. थंडीनं थिजलंय.’

‘कुणी घातलं हे?’

मिस्त्री फडक्याला बोट पुसत म्हणाला, ‘मीच. मागं एकदा घाईत बाटली चुकली.’

मग आबा त्याला बोलले. मी त्या घरात तसं बोलणं ऐकलं नव्हतं. मिस्त्री म्हणवतोस आणि कुलपात डोईचं तेल वततोस, माझी बायको रस्त्यावर पडली आसती, तुझ्या हातात पान्हा दिला कुणी, असं बरंच. मिस्त्री खाली मान घालून पेट्रोलनं खटका धूत राहिला. मी कप खाली ठेवून उभं राहायला हवं होतं. मी चहाचा आणखी एक घोट घेतला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाज वाटली त्याहून जास्त त्याचाच हेवा वाटला. चूक माझी होती, बोलणी माझ्या हक्काची होती, आणि तीही तोच घेऊन बसला होता.

नंतर नळावर तो हात धूत असताना मी जवळ गेलो. मी साबण पुढं केला. तोच म्हणाला, ‘सर, खोबरेल उन्हाळ्यात चालून जातं. पुढच्या टायमाला फोन करा, काय घालायचं ते सांगीन.’ बस, एवढंच. टोमणा मारला असता तर मी सुटलो असतो.

गोष्ट मात्र सुटली नाही. आबांना ती सांगायची सवय लागली. बाजारात, लग्नात, पारावर. माणूस सोन्यासारखा, पण एकदा ह्यानंच घोटाळा केला होता बघा, असं. ऐकून भावकीतल्या एकानं आपली गाडी भिगवणला नेणं बंद केलं. मिस्त्री तिथं असला तर हसायचा. मी असलो तर मी पण हसायचो.

गेल्या वर्षी धाकटीची बदली झाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स, आणि बदली थेट रत्नागिरीकडे. लोक म्हणाले, ती जाईल, हा इथं गॅरेज चालवेल, महिन्याला एक चक्कर. मिस्त्रीनं आठवड्यात गॅरेज आवरलं. ‘गाड्या तितं बी हायत्या,’ म्हणाला. माझी बायको त्या दिवशी माझ्याकडे बघून नुसतीच ‘बघा’ म्हणाली. निरोपाला तो कन्हेरीला आला, तेव्हा सासूबाई रडल्या आणि आबा गोठ्यात जाऊन बसले. मी त्याला एसटीपर्यंत सोडलं. सगळ्या वाटेवर मला ‘माझं चुकलं’ हे एक वाक्य बोलायचं होतं. एसटी आली, मी म्हणालो, पोचल्यावर फोन करा.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी कन्हेरीला गेलो, तर ओसरीवर आबांचे एक पाहुणे बसले होते. आबा त्यांना मिस्त्रीची गोष्ट सांगत होते. कालव्याच्या वळणापर्यंत आले होते. एरवी मी इथं हसायला लागायचो. त्या दिवशी मात्र आबांचं ‘ह्यानंच’ ऐकलं आणि मला पुढचं ऐकवेना. माणूस तीनशे किलोमीटर लांब गेला होता आणि त्याच्या मागं त्याच्या हाताची अब्रू आम्ही चहाबरोबर पीत होतो.

‘आबा, ते खोबरेल मी घातलं होतं,’ मी म्हणालो.

आबांनी हातातली बशी खाली ठेवली. पाहुण्यांनी निरोप घेतला, चहाही अर्धा टाकला. मग आबांनी सुरुवात केली. शिकलेल्या मानसाला एवढं कळू नये, बाई मेली आसती म्हंजी, आन् त्या पोराला बोलणी खाताना बघत खुर्चीत बसलात, चहा पीत. शेवटचं ते दोनदा म्हणाले. सासूबाई आतून धावत आल्या, की जावयाला असं बोलत्यात का, तर आबा म्हणाले, ‘तू मधी पडू नगंस. फोन लाव त्याला.’

फोन मीच लावला. आबांनी हॅलोही न म्हणता विचारलं, ‘का रं, दुसऱ्याची बोलणी खायला तुला कुणी सांगितलं हुतं?’ पलीकडे आधी पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाला, ‘आबा, मला बोललात तर मी चार दिवसांनी परत येतो. सर परत आलं नसतं.’

मी तिथं उभा राहून ते ऐकलं. तो बरोबर बोलत होता, आणि एवढ्या लांबूनही मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. त्याचा हेवा मी इतकी वर्षं केला, पण त्या दिवशी वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

आबांनी फोन ठेवला. टोपी डोक्यावर चढवली. मग उठले, दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले, ‘आता बसू नका तितं. मेथी उपटून पडलीया, जुड्या बांधायला माणूस न्हाय.’

मी चपला शोधत बसलो नाही.