दोन दारांचा तंबू

कुणाच्याही घरी गेले की हवालदार आधी विचारायचे, "दुसरं दार कोन्या अंगाले हाये?" मग दोन्ही दारं दिसतील अशा जागी पोतं ओढून बसायचे. पाणी प्यायचे तेही दारांवर नजर ठेवून. तुमच्याही गावात पलटणीतून परतलेला असा एखादा माणूस असेल. त्याच्या सवयींना आपण हसतो. आम्हीही हसायचो. पण आमचं हसणं त्यांच्या अंगणापर्यंतच असायचं.

कारण भर दुपारी त्यांच्या घरातून बोलणं ऐकू यायचं. घरात ते एकटेच राहत. "सांग बाप्पा. घाई नाही." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "घाई नाही." मधली शांतता कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असल्यासारखी वाटे. पाण्याला जाणाऱ्या बाया त्या भिंतीपासून जरा लांबूनच चालायच्या.

गावात भांडण पेटलं की ते मधे जाऊन उभे राहत. रिकाम्या हातांनी, कुणाकडेच तोंड न करता. "तुमी कोनाचे हो?" असं कुणी चिडून विचारलं तर म्हणत, "मी कोनाचाच नाही." एकदा बैलांच्या झुंजीतही उभे राहिले आणि बैल मागे सरले, असं माझे काका सांगत. "बैलायलेही भेव वाटलं असंन," काका म्हणायचे.

मी तेव्हा बुलढाण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. जगातल्या पुष्कळ देशांनी मिळून माणसाचे हक्क मान्य केलेत, हे सरांनी शिकवलं होतं. सुट्टीत मी ते मोठ्या हौसेने हवालदारांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोरियाची गोष्ट काढली.

तिथली लढाई थांबली तेव्हा आपली फौज मधे उभी राहायला गेली होती. परत आपल्या मुलखात जायचं की नाही, हे कैद्यांना विचारायचं होतं. त्यासाठी तंबू होता. एका दाराने निघालं की घरी, दुसऱ्या दाराने निघालं की पलीकडे. दोन्ही बाजूंना ती माणसं आपल्याकडेच हवी होती.

"एक पोरगं होतं," ते म्हणाले. "तुह्याएवढं. हडकुळं. इचारलं तं बोललं नाही. नुसतं उभं. मी दोन्ही दारं पाहून राह्यलो होतो. मग पाह्यलं तं तंबू रिकामा."

"पळून गेला असंन."

"कोन्या दारानं? भायेर बर्फ होता. पाऊल नव्हतं उमटलेलं."

ते कोडं त्यांना इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात माझी मोठी बहीण माहेरी परत आली. तिचा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. सासर मेहकरचं. काही दिवसांनी सासरचे लोक तिला न्यायला गाड्या जुंपून आले. वडील गेल्यापासून काकाच घरचे कर्ते. त्यांनी काडीमोड घेऊन देऊळघाटच्या एका म्हाताऱ्या बिजवराशी तिचा पाट लावायचं मनात धरलं होतं. अंगणात काठ्या निघाल्या.

"आमची सून हाये!"

"आमची पोरगी हाये!"

ताई चुलीपाशी बसून होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

हवालदार आले आणि मधे उभे राहिले. "तिले इचारा," म्हणाले.

काका हसले. "तिले काय इचाराचं बे?"

"माह्या घरात बसवतो. दोन दारं हायेत. पुढच्या दारानं आली तं सासरची, मागच्या दारानं आली तं माहेरची. तवरोक कोनी आत याचं नाही."

ती आपल्याच दाराने येणार, अशी दोन्हीकडच्यांना खात्री होती. म्हणून कबूल झाले.

आत ताई, हवालदार आणि मी. "शिकेल हायेस, साक्षीले बस. पन तोंड उघडू नको," असं त्यांनी मला बजावलं होतं. दोन्ही दारं लोटलेली. फटींतून उन्हाच्या दोन रेघा जमिनीवर पडल्या होत्या. ताई त्यांच्या मधे उभी होती.

"सांग पोरी. घाई नाही."

बाहेरची कुजबुज हळूहळू बंद झाली. उन्हाच्या रेघा सरकल्या. माझ्या अंगावर काटा आला, कारण हवालदार ताईकडे पाहत नव्हते. तिच्या शेजारी पाहत होते. "घाई नाही," ते तिकडेच पाहून म्हणाले. आणि ताई जरा बाजूला सरकली, कुणाला जागा करून द्यावी तशी.

मग ती म्हणाली, "मले दोन्हीकडं नाही जायाचं."

"मंग?"

"बुलढाण्याले. हा सांगत होता, तिथं शिवणाचा वर्ग हाये."

हवालदारांनी इतका मोठा श्वास सोडला की मी दचकलो. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि बाजूच्या भिंतीत घातली. मातीची भिंत. ढेपळं पडू लागली तशी बाहेर आरडाओरड सुरू झाली. भगदाड पडल्यावर ताई वाकून बाहेर निघाली, मागोमाग मी. आम्ही नाल्याच्या काठाने सडकेकडे धावलो. मागे वळून पाहिलं, तर हवालदार भगदाडात उभे होते, हात रिकामे. दोन्हीकडचे लोक त्यांच्यासमोर थांबले होते.

का थांबले, कोण जाणे. काका अजून सांगतात, "तिथं दोघं उभे होते. म्हनून मी काठी उचलली नाही." काकांचे डोळे तेव्हाही अधूच होते, हेही सांगायला हवं.

ताई शिवण शिकली. पुढे बाजारपेठेच्या मागे तिनं एक खोली घेऊन मशीन मांडली. एका कडक उन्हाच्या दुपारी हवालदार तिथं आले. बगलेत जाड कापड होतं. सदरा शिवायचा म्हणाले. ताई माप घ्यायला उठली.

"माह्यासाठी नाही," ते म्हणाले. हवेत हात धरून त्यांनी उंची दाखवली, मग खांदे. खांदे अगदी बारीक. "आतून अस्तर लाव. तिकडं लय थंडी हाये."

"कवा घेऊन जासान?"

"घाई नाही."

ते परत आले नाहीत. गावातही कुणाला दिसले नाहीत. मी पुष्कळांना विचारलं.

सदरा ताईच्या खुंटीवर आहे. मागे एक बाई आपल्या कॉलेजातल्या पोरासाठी मागत होती. दुप्पट पैसे देते म्हणाली. ताईनं तो काढून झटकला, बाह्या सारख्या केल्या आणि पुन्हा खुंटीला लावला.

"नाही बाई," ती म्हणाली. "मापाचा हाये तो."