खिडकीतला होकार

आमच्या गल्लीत ही गोष्ट लहान पोरांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मग तुमच्यापासून लपवून काय मिळणार? चहा घ्या, सांगते. फक्त हसू नका. मला अजूनही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मी कुहीकडच्या खेड्यातली. आमचं घर जमिनीला टेकलेलं. लेकरू पडलं तर अंगणातच पडायचं, रडायचं आणि माती झटकून उठायचं. लग्नानंतर नागपुरात भाड्याची खोली मिळाली, तीही खालीच. पण घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना खोली रिकामी हवी झाली. आमचे हे जरीपटक्यात कापडाच्या दुकानात कामाला. तिथंच बाजारामागच्या गल्लीत एक जुना फ्लॅट विकायला होता. आपल्या आवाक्यातला. का आवाक्यातला? तर बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही आणि तिसरा माळा.

तिसरा माळा! आमच्या परीला नुकतं तिसरं वर्ष लागलेलं. खुर्ची दिसली की चढते, फट दिसली की आत शिरते.

पाहायला गेलो. दलाल दारातूनच सुरू झाला. "हवा पाहा वहिनी, हवा! कूलर लावाचं कामच नाही."

कूलर मात्र कोणीतरी लावला होता. समोरच्या खोलीच्या खिडकीला उभे लोखंडी गज होते, आणि त्यातले मधले दोन गज कूलर बसवताना वाकवलेले. मी यांना म्हटलं, "अहो, यातून परी जाईन."

"काही बी नको बोलू वं! यातून मांजर नाही जात."

परीला कडेवर घेऊन हे दलालासोबत स्वयंपाकघर पाहायला गेले. मी खिडकीपाशी एकटी उरले. आता मला सांगा, आईनं काय करावं? विश्वास ठेवावा की खात्री करावी? लेकराचं डोकं घालून पाहणं तर शक्य नव्हतं. मग कोणाचं डोकं उरलं?

गेलं! आरामात गेलं. माझं एवढं मोठं डोकं जातं, तर परी अख्खी जाईल. हे घर घ्यायचं नाही, ठरलं! तेवढं सांगायला मागे सरकले, तर डोकं बाहेरच. जाताना कान मुकाट्यानं दुमडले होते, येताना दोघांनीही नकार दिला.

खालून इस्त्रीवाला ओरडला, "ओ ताई, काय पाहून राहिल्या?"

"काही नाही भाऊ, हवा घेऊन राहिली!"

हे खोटं कशाला बोलले? लाज, दुसरं काय!

गल्ली इतकी चिंचोळी, की समोरच्या खिडकीत मेथी निवडत बसलेल्या सिंधी आंटींनी हात लांबवला असता तर माझी टिकली काढता आली असती. त्या म्हणाल्या, "नये आये हो, बेटी?"

"हो, घर पाहून राहिलो."

"अच्छा है. अंदर से भी देख लो."

आतून!

उभ्या गजांत डोकं डावी-उजवीकडे हलेना. वर-खाली मात्र सरकत होतं. वाटलं, वर कुठंतरी जागा जास्त असेल, म्हणून मी वर-खाली, वर-खाली करत राहिले. तेवढ्यात खाली भाजीची गाडी आली. 'आलू-कांदे, आलू-कांदे' असा भोंगा सुरू झाला आणि मागचं काहीच ऐकू येईना.

मागे काय झालं, ते मला नंतर कळलं. हे आणि दलाल स्वयंपाकघरातून परत आले. दलालानं विचारलं, "वहिनी, घर पसंत हाय ना?" मी मान डोलावली. हे म्हणाले, "पक्कं करू का वं? मागाहून म्हणशील." मी आणखी जोरात डोलावली.

"पाहा भाऊ, वहिनी खिडकी सोडून नाही राहिल्या," दलाल म्हणाला. यांनी तिथंच बयाना देऊन सौदा पक्का केला.

इकडे आंटींच्या हातातली मेथी खाली पडली. "अरे, ये तो फँसी है!"

झालं! गल्ली जमा झाली. इस्त्रीवाल्यानं गिऱ्हाइकाची चादर काढली, भाजीवाल्याला दुसरं टोक धरायला लावलं आणि माझ्या खाली ताणून उभा राहिला.

"अहो भाऊ, मी पडीन कशी? अडकली ना!"

"असू द्या ताई. धरून ठेवतो."

आंटींनी खोबरेल तेलाची बाटली आणली, खिडकीतून हात लांबवला आणि माझ्या दोन्ही कानांना तेल चोळलं. मागून यांनी कंबर धरून ओढलं. परी टाळ्या वाजवत होती. सुटले एकदाची!

सुटल्या सुटल्या म्हटलं, "मले हे घर नाही पायजे!"

"आता सांगून राहिली? दोनदा विचारलं तुले! दोन्ही खेपेस मान हलवली!"

दलाल तोवर बयाना खिशात घालून जिना उतरला होता. मी फरशीवर बसले आणि रडले. खरंच रडले. घर घेतल्यावर बाया पेढे वाटतात, मी कानाचं तेल ओढणीला पुसत होते.

समोरून आंटी म्हणाल्या, "रो मत बेटी. जाली लगवा ले. और मैं तो दिनभर यहीं बैठती हूँ. तुझे देखा ना? बच्ची को भी देखूँगी."

मी उठून खाली पाहिलं, या वेळी लांबूनच. इस्त्रीवाला अजून चादर धरून उभा होता. भाजीवाला गेला होता, तर दुसरं टोक त्यानं सायकलीला बांधलं होतं.

त्यानंतर मी नको म्हटलं नाही.

राहायला गेलो त्या दिवशी सामान लावायच्या आधी जाळीवाल्याला बोलावलं. माप घेता घेता तो म्हणाला, "बरं केलं ताई, जाळी लावून राहिल्या. मागं याच खिडकीत एक बाई अडकली होती म्हणे."

"हो का?" मी ओढणी कानांवर ओढली.

"अशी कशी अडकली असंल हो?"

"असंल एखादी येडी," मीच म्हणाले. विषय तरी संपेल!

परी खुर्चीवर चढून उभी होती. तिला फार राग आला.

"येडी नाही! माही आई होती!"