शंका, रोल नंबरप्रमाणे

आदिलाबादच्या एका खाजगी डिग्री कॉलेजात अमृतराव प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल घेत. नोकरी कच्ची, आवाज मात्र पक्का. बेडकाचा मेंदू सुईने निकामी करायचा आणि पाय सौम्य ॲसिडात बुडवायचा. मेंदू नसतानाही पाय झटकन वर येतो, कारण तेवढा हुकूम पाठीतला मज्जारज्जूच देतो. हे सगळं ते निष्कर्षासकट आधीच लिहून देत. बेडूक नंतर येई, आणि बिचाऱ्याला निष्कर्षाप्रमाणे वागावं लागे.

अठ्ठ्याऐंशी साली विद्यापीठाचा फतवा आला: विद्यार्थ्यांना स्वतः शंका विचारू द्या, उत्तरं स्वतः शोधू द्या. तपासणीला समिती येणार होती, आणि तिच्या शेऱ्यावर अमृतरावांची नोकरी पक्की व्हायची होती. त्यांनी कंबर कसली. आठ विद्यार्थ्यांना आठ शंका लिहून दिल्या, रोल नंबरप्रमाणे. "पाठ करा. अन् इचारताना तोंडावर कुतूहल दिसलं पायजे!" असं बजावलं.

समिती आली. सात शंका ओळीने सुटल्या, साहेबलोक माना डोलवू लागले. शेवटी भीमपूरची, कापूसवाल्या घरची रेणुका उठली. तिच्या वाट्याची शंका होती, पाय वर का येतो. पण समोर तिच्या बेडकाचा पाय ॲसिडात तसाच लोंबत होता. पोर पाठांतर विसरली.

"सर, पाय वर काऊन येऊन नाई राह्यला?"

साहेबलोकांच्या माना डोलायच्या थांबल्या. 'आला म्हणून लिही' असं म्हणायला अमृतरावांची जीभ वळवळली. आजवर त्याच्यावरच निभावलं होतं. पण खोटं कशाला बोला, त्या घटकेला त्यांना नोकरीपेक्षा त्या पायाचं पडलं होतं.

"मले माईत नाई," ते म्हणाले. "चाल, पाहू."

दोघांनी बेडकाची पाठ उघडली. अमृतरावांनीच घातलेली सुई जरा जास्तच खोल गेली होती. मेंदूबरोबर मज्जारज्जूही पार चेंदला होता. "सापडलं!" ते ओरडले. एवढा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

समितीने शेरा मारला: सात शंका उत्तम, आठवी अभ्यासक्रमाबाहेर, शिक्षकास विषय येत नाही. नोकरी कच्चीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अमृतराव वर्गात शिरले ते आता काहीच लिहून द्यायचं नाही, असं ठरवून. सगळ्यांच्या आधी रेणुका उठली. त्यांचं काळीज सुपाएवढं झालं.

"सर," तिने पेन उघडून अदबीने विचारलं, "काल तुमी 'माईत नाई' म्हनले, ते कोन्त्या शंकेखाली लिवाचं? परीक्षेले येते ना?"